विरजण

औषधासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाचे स्फटिक ती वर्षभर हुकमी तयार करत होती. मग एकाएकी ते यायचेच बंद झाले. तेच प्रथिन, तेच क्षार, तोच थंड कप्पा. तिने पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, एकदा रडूनही पाहिलं. पण ट्रेमधले प्रथिनाचे थेंब ढिम्म. "आधी तरी खरंच आले होते ना?" असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी भर बैठकीत विचारलं, ते तिच्या जिव्हारी लागलं.

रविवारी घरून तिने आपल्या निवृत्त सरांना फोन लावला.

"अगं, जुन्या स्फटिकांचे बारीक कण कपड्यांवर राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत," सर म्हणाले. "ते थेंबात पडले की विरजणाचं काम करतात. तुझा एप्रन कुठंय?"

एप्रन गॅलरीतल्या दोरीवर पांढराशुभ्र फडफडत होता.

"हल्ली दर आठवड्याला मीच धुतो," नवरा शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला. "गरम पाण्यात, घासून घासून! तूच म्हणायचीस ना, मी घरात इकडची काडी तिकडे करत नाही?"

दुसऱ्या दिवशी तिने लॉकरच्या तळाशी पडलेला जुना, मळका एप्रन काढला आणि नव्या ट्रेवर चांगला झटकला. काही दिवसांतच थेंबांत स्फटिक लखलखले. प्रमुखांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांत, तिने एक ओळ घातली:

"घरकामात यापुढे मदत न करण्याचे कबूल केल्याबद्दल माझ्या पतीचे मनःपूर्वक आभार."