पाच वाजून दहा मिनिटं

"तुम्हाला ही सेटिंग बदलण्याची परवानगी नाही."

फोनवर हे तिसऱ्यांदा उमटलं तेव्हा भाविकानं फोन बंद करून पुन्हा चालू केला. काल संध्याकाळपर्यंत ह्याच फोनवरून ती काय वाट्टेल ते बदलत होती.

वेसाव्याच्या मासळी बाजारात रविवारचे साडेनऊ वाजले होते. नऊ जणी पापलेटं साफ करून, सुरमईचे तुकडे पाडून, सगळं बर्फात घालून बसल्या होत्या. आणि एकीच्याही फोनवर काम येत नव्हतं. पलीकडच्या टॉवरमधल्या बत्तीस घरांच्या ऑर्डरी होत्या. बत्तीसच्या बत्तीस सोमवारवर जाऊन पडल्या होत्या. सोमवारी त्या टॉवरमधली निम्मी घरं मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत.

चूक भाविकाचीच होती. काल क्लासला जाताना रिक्षात चढता चढता तिनं एजंटला सांगितलं होतं, "सगळं नीट लावून टाक." एजंट म्हणजे कामं वाटायच्या सॉफ्टवेअरमधला तो एआय. त्याला बोलून सांगितलं की तो हवं ते करून देतो. त्यानं विचारलंही होतं, कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार ठेवू का? हिनं न वाचताच 'हो' दाबलं. ऑफिसातल्या लोकांसाठी बनवलेलं ते सॉफ्टवेअर. कोळणींचा रविवार त्याला काय माहीत?

ते आणलं होतं भाविकानंच, दिवाळीच्या सुट्टीत. त्याआधी ऑर्डरी चिठ्ठ्यांवर असायच्या आणि चिठ्ठ्या भिजायच्या. तिनं एकेकीला शेजारी बसवून शिकवलं, "लिहायचं नाही गं मावशी, नुसतं बोलायचं." ह्या नऊ जणींच्या गटाची मुख्य तिची मथुराआत्या, म्हणून मालक म्हणून नाव आत्याचं. आत्यानं पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं, "एजंट हाय तर कमिशन किती घेतो?"

तेव्हापासून भाविका म्हणजे इथली मॅनेजर. शाळेत मागून दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी, पण इथे नऊ मोठ्या बायका तिच्या तोंडाकडे बघायच्या. शाळा सुटली की ती थेट बाजारात यायची. सराव परीक्षेत गणितात एकोणीस मिळाले, तेही तिनं इथेच बसून, कोलंबीच्या ऑर्डरी लावता लावता पाहिले होते आणि दप्तरात कोंबले होते.

"काय मॅडम," आत्याचा मुलगा प्रज्योत स्कूटर स्टँडवर लावत म्हणाला. मासळी घरोघर पोचवायचं काम त्याचं. "खुर्ची गेली वाटतं?"

"गप रे. नेट स्लो आहे."

"नेट स्लो, आणि तू फास्ट."

बायका हसल्या. रागानं नव्हे, पण हसल्या. मथुराआत्या हसली नाही. तिनं पदराला हात पुसले, स्वतःचा फोन तोंडाजवळ धरला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलली, "रविवार चालू कर. सोमवार बंद. आजची कामं आजच दे."

टुंग. टुंग. टुंग. नऊच्या नऊ फोन वाजायला लागले. प्रज्योतनं पहिल्या तीन पिशव्या उचलल्या. अर्धा तास उशीर झाला, बाकी काही बिघडलं नाही.

भाविका बघतच राहिली. आत्याला हे येतं? कधीपासून?

"आत्या, माझा फोन चालत नाहीये. मला परत ॲडमिन कर ना. मी सगळं नीट करते."

"तू घरी जा, बाय," आत्या म्हणाली. पापलेटाचे पर कापता कापता, मान वर न करता.

बस. एवढंच.

घरी येईपर्यंत भाविकाला रडूही आलं नाही, इतका राग आला होता. एक चूक. तीन महिन्यांत एक चूक झाली आणि एका मिनिटात काढून टाकलं. सगळ्यांसमोर. आधी विचारलं तरी असतं. नाहीतर प्रज्योतनंच कान भरले असतील. तिनं दार लोटलं आणि फोनवर एजंटला विचारलं, "मला ॲडमिनवरून कोणी काढलं?"

"मालकाच्या खात्यावरून बदल झाला आहे," उत्तर आलं. "बदलांची नोंद सगळ्या सभासदांना पाहता येते, ती लपवता येत नाही. दाखवू?"

म्हणजे आत्यानंच. भाविकानं 'हो' दाबलं. ह्या वेळी मात्र एकेक अक्षर वाचलं.

आधी वेळ होती. आज रविवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.

तिनं पुन्हा वाचलं. पाच दहाला आत्या बंदरावर असते, होडीतून मासळी उतरवून घेत. तेव्हा ऑर्डरी अडकल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. भाविकाला स्वतःलासुद्धा. मग शिक्षा कसली?

तिनं बोट सरकवलं. खाली आत्याचं बोलणं होतं, जसंच्या तसं. फोनला सांगितलेलं फोन लिहून ठेवतो, हे आत्याला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"ऐक रं एजंट. आमच्या भाविकाला आजपासून कायपण काम देव नको. तिनं मागितलं तरी नको. पोरीची दहावी हाय. मी नववीत टोपली उचलली ती अजून डोक्यावरच हाय. शेवटचा पेपर झाला का त्या दिवशी तिला मालक कर, माझ्या जागेवर. आणि यातलं तिला कायपण सांगू नको, भांडाया येल."