राणीछाप रुपया

“त्या मशीनपायी दादा येडा होईन, वहिनी,” नणंद म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. रविवारी आमचे हे जुन्या चर्चच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन राणीछाप रुपये शोधत होते. मी लेकीला खड्ड्यांपासून सांभाळत होते. मशीन दर दहा पावलांवर वाजायचं, हे खोदायचे, गंजका खिळा निघायचा.

“अजून खोल, जवाईबापू! रुपया खालीच रायते,” आवार झाडणाऱ्या प्रयागबाई सांगायच्या.

एका रांगेत अकरा खड्डे झाले. सोमवारी पाहते तर प्रत्येकात कडुनिंबाचं रोप, आणि प्रयागबाईंच्या पदरात मूठभर गंजके खिळे.

“त्याईले सांगू नको, माय. मांगची रांग बाकी हाय.”

लेकीला सावली होईल म्हणून मीही गप्प बसले. आज हे पुन्हा गेलेत आणि ऊन फार आहे. तिकडून जाणार असाल, तर यांनी टोपी घातलीय का, तेवढं बघाल?