निर्माल्याची पिशवी

“देवाचं पाणी नुसतं बघून भरायचं नाही, गाळून भरायचं,” सासूबाई बजावून सांगायच्या. त्याच सवयीने कारखान्यात पिशव्या तपासणाऱ्या रेवतीने रिकाम्या बादलीवर फडकं बांधलं आणि चाचणीचं पाणी ओतलं. शेवाळ आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली निर्माल्याची पिशवी तिने खाडीच्या या पाण्यात भिजत ठेवली होती. आता पिशवी कुठे दिसत नव्हती.

“विरली की हो!” कारखान्याचे मालक केळुसकर खुशीत आले. “करा चाचणीच्या दाखल्यावर सही. उद्या विसर्जनाला पिशव्या खाडीत जायच्यात.”

फडक्यावर मात्र पांढरी कणी उरली होती. शेवाळ तेवढं कुजलं होतं, प्लॅस्टिक तसंच होतं.

“ही विरली म्हणायची नाही, साहेब,” ती हळूच म्हणाली. “हिचा चुरा झालाय.”

“एवढासा चुरा कोणाला दिसतोय?”

“मासे खातील तो.”

“मग घाला कारखान्याला कुलूप! शेवाळ वेचणाऱ्या बायकांच्या चुली तुम्ही पेटवणार?”

रेवतीला आठवलं. त्याच बायकांतल्या कृष्णामावशीने शेवाळाची पहिली पाटी उतरवताना विचारलं होतं, “बाय, आमच्या खाडीत घाण नाय ना व्हायची?”

“होणार असेल, तर मी स्वतः येऊन सांगेन,” रेवतीने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

तिने सही न करताच पेन खाली ठेवलं. चुऱ्यासकट फडक्याची घडी केली, पायात चपला सरकवल्या आणि ती कृष्णामावशीच्या कोळीवाड्याच्या वाटेला लागली.