भेगेवरची काच

"काच फुटली का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. पण आतून वाफ धरतेय."

उन्हाळी इंटर्नशिपसाठी आलेल्या मृण्मयीने कॉलेजच्या बंद वसतिगृहात प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत सरकली की काच तडकते. एकही तडकली नव्हती. जिन्याजवळची तेवढी धुरकट व्हायची, पुन्हा निवळायची, झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे धरलेल्या आरशासारखी.

"मे महिन्यात कसली वाफ? भेग वाढत नाही ना, मग बुजवून टाक."

तिने काच काढली आणि थापीने भेगेत सिमेंट दाबून भरलं.

वळून पाहते तर बाकीच्या सगळ्या काचा एकाच लयीत धुरकटत, निवळत होत्या. भराभर, जणू कुणाचं तरी नाक-तोंड दाबून धरलंय.

"काढते, काढते," भिंतीला सांगत ती ओलं सिमेंट बोटांनी उकरू लागली.