बारावं गाणं

गायकाचे ओठ जुळवले की ड्रम चुकत होते आणि ड्रम जुळवले की ओठ. तीन दिवस संकलक बाईंनी आवाज दोन फ्रेम पुढे, तीन फ्रेम मागे सरकवून पाहिला होता. आता मात्र त्यांनी हात टेकले.

हार्ड रॉक वाजवणाऱ्या एका जुन्या बँडचे म्युझिक व्हिडिओ आणि टीव्हीवरचे कार्यक्रम एका डिस्कवर यायचे होते. अकरा गाणी तयार होती. बारावं सगळ्यांत जुनं. टीव्ही केंद्राच्या कपाटात त्याचं नुसतं मुकं चित्र सापडलं होतं, आवाज रेकॉर्डवरून घेऊन त्यावर बसवायचा होता. त्यातला ड्रमर पुढे महिन्याभरातच बँडमधून बाहेर पडला. तो वाजवताना दिसतो असं दुसरं चित्र जगात कुठेच नव्हतं.

"जुळत नसेल तर गाळ," निर्माता फोनवर म्हणाला. "पाच वाजता मास्टर प्रत छपाईला जायचीय. अकरा गाणी काय कमी आहेत?"

घड्याळात दोन वाजले होते. तेवढ्यात तो ड्रमरच दारात येऊन उभा राहिला. बाईंनीच त्याला बोलावून घेतलं होतं. सत्तरी ओलांडलेला, पूर्ण टक्कल, पोटापाण्याला कुलपं दुरुस्त करणारा. जिना चढून त्याला धाप लागली होती. सोबत बायको होती.

"ठार बहिरे आहेत," तिने आल्या आल्या सांगून टाकलं. "माझं तेवढं ओठांवरून कळतं त्यांना. तेही सोयीचं असेल तेवढंच. आणि चाळीस वर्षं ऐकतेय मी, बँडमध्ये होतो, बँडमध्ये होतो. म्हटलं, असाल बाबा."

बाईंनी चित्र लावलं. खांद्यापर्यंत केस वाढवलेला एक पोरगा ड्रमवर तुटून पडला होता.

"अगं बाई!" बायको खुर्चीत पुढे सरकली. "एवढे केस होते?"

म्हातारा चित्राकडे पाहत नव्हता. शेजारच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटली होती, प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक. तो त्या टोकांवरून बोट फिरवत राहिला. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "हा मी नाही."

"म्हणजे?"

"रेकॉर्डवर मी नाहीच. माझा हात जड म्हणून रेकॉर्डिंगला दुसरा वादक आणला होता. टीव्हीवर मात्र मला बसवलं. तिथे रेकॉर्ड लावायचे आणि आम्ही नुसतं वाजवल्यासारखं करायचं. ड्रमचा आवाज होऊ नये म्हणून वरून रबर घालायचे."

"मग तुम्ही वाजवल्यासारखं केलंत?" बायकोने विचारलं.

"ते मला कुठे जमतंय? कुणाला ऐकूच जाणार नव्हतं. मी माझं वाजवलं."

बाई थक्क झाल्या. तीन दिवस त्या एकाचा आवाज दुसऱ्याच्या हाताला बांधत बसल्या होत्या. त्या पोराने खरंच काय वाजवलं होतं, ते कुणीच ऐकलेलं नव्हतं. त्याच्या बँडनेसुद्धा.

"काकू, विचारा ना त्यांना, आठवतंय का."

काकू वळेपर्यंत त्याने टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या होत्या. कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा रिकामा खोका ओढून गुडघ्यांत धरला. बाईंनी घाईघाईने माइक लावला, रेकॉर्डचा आवाज बंद केला, आणि पडद्यावर पहिला ठोका आला की त्यांच्या खांद्यावर थाप मारा, असं काकूंना सांगितलं.

थाप पडली.

तीन मिनिटं दहा सेकंद. पडद्यावर पोरगा घामाने निथळत होता आणि त्याचा एकेक ठोका या खोलीत वाजत होता. गायक मुक्याने ओरडत होता, तिथे खोक्यावर ठोक्यांची सर धावून जात होती. गिटारवाला पुढे आला, तिथे म्हातारा क्षणभर थांबला, नुसता पाय जमिनीवर आपटत राहिला, आणि मग दोन्ही हातांनी असा कोसळला की टेबलावरचा कप थरथरला. मघाशी जिन्याने दमलेला माणूस हाच का, असं बाईंना वाटलं. आपण पन्नास वर्षांपूर्वीचं काहीतरी ऐकत आहोत आणि ते ऐकणारे आपण पहिलेच आहोत, हे त्यांना कळलं.

वाजवणं संपलं. बाईंनी रेकॉर्डमधले ड्रम वेगळे काढून टाकले आणि त्यांच्या जागी हा आवाज गाण्यासोबत चित्राखाली बसवला. सवयीने बोट सरकवायच्या बटणावर गेलं, पण सरकवायला काही नव्हतंच. ओठ, गिटार, हात, सगळं जागच्या जागी.

"त्यांनी चित्र बघितलंच नाही गं," काकू हळूच म्हणाल्या. "मी थाप मारली तेव्हा डोळे मिटले. ते आत्ता उघडले."

बाईंनी फोन उचलला. "बारावं गाणं राहणार."

"जुळवलंस? कसं काय?" निर्माता म्हणाला.

"मी काही केलं नाही. ड्रमच्या जागी खोका आणि पेन्सिली आहेत. तसंच छापायचं."

फोन ठेवून त्यांनी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. काकू पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. डोळे भरून आले होते, ओठ घट्ट मिटलेले.

म्हातारा एकदा बाईंकडे, एकदा बायकोच्या ओठांकडे पाहत राहिला. कुणीच काही बोलेना.

"नाही जुळलं?" तो ओशाळून म्हणाला, आणि खोका पुन्हा गुडघ्यांत ओढून घेतला. "थांबा. परत वाजवतो."