एकदाही बंद नाही

कार्यालयाचं मुख्य मशीन बंद करून सुरू केलं की पासवर्ड मागायचं. तो लिहिलेली एकमेव चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वी सिस्टिमवाल्या काकांच्या शर्टासकट काकूंनी धुतली. काकांनी खिशात उरलेला बोळा पाकिटात जपला आणि तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून ते प्रत्येक अपडेट मशीन चालू ठेवूनच टाकत, झोपलेल्याची उशी बदलावी तसं. साहेब सगळ्यांना कौतुकाने सांगत, “अकरा वर्षांत एकदाही बंद नाही!” आज काकांचा निरोपसमारंभ. सामान बांधून काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीने दोघं कायमची लेकीकडे निघणार होती. साहेब म्हणाले, “काका, आज तुमच्या हस्ते मशीनलाही दोन मिनिटं विश्रांती. दाबा बटण!” टाळ्या पडल्या. “अहो, लाजताय काय? दाबा की!” काकू म्हणाल्या. काकांनी पाकिटातला बोळा चाचपला. “साहेब,” ते म्हणाले, “मुदतवाढ मिळेल का?”