मीटरमधला हिरवा उजेड

अंगदला आपल्या ट्रकच्या मीटरमध्ये हिरवे एलईडी बसवायचे होते. ते राहूनच गेलं आणि उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. म्हणून त्याचे वडील पुंजाराम जांब समर्थ या आपल्या गावाहून ट्रक घेऊन तीर्थपुरीला आले, बबलू इलेक्ट्रिशियनकडे.

बबलूनं दुपारी डॅशबोर्ड उघडून जुने पिवळे बल्ब काढले आणि एलईडी लावले. मग जोड पक्के करायला त्यानं बॅटरीची वायर सोडवली.

मीटर विझले नाहीत. केबिनमध्ये हिरवा उजेड तसाच राहिला आणि उभ्या ट्रकच्या स्पीडमीटरचा काटा हळूहळू चढत चाळीसवर गेला.

"काका, इंजिन बंद हाय. वायर माझ्या हातात हाय," बबलू म्हणाला.

पुंजाराम काट्याकडे बघत होते. "घाबरू नको. अंगदनं गाडी चाळीसच्या वर कधी चालवलीच न्हाई."

काटा खाली आला, पुन्हा चढला.

"पूल गेला," पुंजाराम पुटपुटले. "आता शाळा येईल. मंग आमची गल्ली."

काटा पुन्हा उतरू लागला. बबलूनं त्यांचा हात धरला. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी निवलेला दिसत होता.

काटा शून्यावर टेकला.

"पोचला," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. घरून त्यांची बायको उषाबाई बोलत होती.

"अहो, गाडी कवाची दारात उभी हाय. हिरवा उजेड लई छान दिसून राह्यला. उतरत का न्हाई तुम्ही?"